कोणासाठी, कधी, कुठे: स्वाक्षरी केलेल्या छायाचित्रांच्या सूचीच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

आजपासून सूचीला सुरुवात. संच एका दिवंगत व्हायोलिनशिक्षकांचा. पाश्चात्त्य अभिजात संगीतातल्या वादकांची, गायकांची आणि रचनाकारांची स्वाक्षरी केलेली छायाचित्रं त्यांनी हयातभर जमवली. घरच्यांना यादी हवी आहे, प्रत्येक सहीबद्दल स्पष्ट मत हवं आहे, आणि हे सगळं ठेवायचं की विकायचं याचा सल्लाही. संचातल्या फोटोंवरची नावं या नोंदींत लिहायची नाहीत, असं त्यांच्याशी ठरलं आहे. उदाहरण लागेल तिथे सर्वांना ठाऊक असलेल्या कलाकारांचं देईन.

पहिली वाटणी आकारावरून केली. सर्वांत लहान ती कार्त-द-व्हिझित, साधारण ६.४ बाय १० सेंटिमीटरच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली. त्याहून मोठी कॅबिनेट कार्डं, सुमारे ११ बाय १६.५. मग ९ बाय १४ची फोटो-पोस्टकार्डं, आणि शेवटी विसाव्या शतकातले मोठे, चकचकीत प्रसिद्धी-फोटो. नुसत्या आकारानेही काळाचा पहिला अंदाज येतो.

९ जानेवारी

एक तक्ता करून भिंतीवर लावला: कोणाचं स्वाक्षरी केलेलं छायाचित्र असूच शकत नाही, आणि कोणाचं जेमतेम असू शकतं. दागेरोटाइप ही छायाचित्रणाची सुरुवातीची पद्धत १८३९मध्ये जाहीर झाली. बेथोव्हेन १८२७मध्ये गेले, शूबर्ट १८२८मध्ये. म्हणजे त्यांचा प्रश्नच मिटला. पागानिनी १८४०मध्ये वारले. त्यांचा म्हणून एक दागेरोटाइप बराच काळ फिरत होता. तो व्हायोलिन बनवणारे जुझेप्पे फियोरिनी यांनी पुढे कितीतरी वर्षांनी केलेला बनाव निघाला. शोपँचं १८४९च्या सुमाराचं, बिसोंच्या स्टुडिओतलं चित्र खरं आहे, पण दागेरोटाइप म्हणजे धातूच्या पत्र्यावरची एकुलती एक प्रतिमा. ती कोणी सही करून चाहत्यांना वाटत नसे.

खरी सुरुवात होते ती छायाचित्रकार दिस्देरी यांनी १८५४मध्ये कार्त-द-व्हिझितचं पेटंट घेतल्यावर. एकाच काचेवर अनेक प्रतिमा, त्यांच्या स्वस्त कागदी प्रती, आणि भेट म्हणून देण्याजोगा आकार. शूमान १८५६मध्ये गेले, त्यांना हा काळ लाभला नाही. रॉसिनी (मृत्यू १८६८) आणि बेर्लियोझ (मृत्यू १८६९) यांना शेवटची काही वर्षं मिळाली. लिस्त, वॅग्नर, व्हेर्दी आणि ब्राम्स यांना मात्र हे युग पुरेपूर मिळालं. त्यातही लिस्त यांचा छायाचित्रकारांशी संबंध अगदी शेवटपर्यंत राहिला. १८८६मध्ये, मृत्यूच्या वर्षीच, नादार यांनी टिपलेला त्यांचा चेहरा आजही पाहणाऱ्याला थांबवतो.

१५ जानेवारी

कागद तपासणी. भिंग आणि तिरका प्रकाश एवढ्यावरच दिवस गेला.

अल्ब्युमेन प्रिंटमध्ये, म्हणजे अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरच्या प्रतीत, भिंगाखाली कागदाचे तंतू दिसतात, पृष्ठभागावर बारीक तडे असतात आणि उजळ भाग पिवळसर झालेला असतो. हा कागद पातळ, लगेच वळतो, म्हणून तो पुठ्ठ्यावर चिकटवावाच लागे. जिलेटिनच्या प्रिंटमध्ये तंतू झाकले जातात. जुन्या जिलेटिन प्रिंटच्या कडांना, गडद भागात, आरशासारखी निळसर चमक येते. ती चांदी वर आल्याची खूण. जुनेपणाचं सोंग आणणाऱ्याला ती सहज जमत नाही.

मग अंधार करून अतिनील दिवा. १९५०च्या दशकापासून फोटोच्या कागदात उजळपणा आणणारी द्रव्यं येऊ लागली. अतिनील प्रकाशात असा कागद निळसर पांढरा झगमगतो. संचातला १९१०च्या काळातल्या गायिकेचा म्हणून नोंदलेला एक फोटो असाच झगमगला. चित्र जुनं, प्रत नंतरची, आणि गायिका ती प्रत निघण्याच्या कितीतरी आधी वारलेली. सहीकडे बघण्याचीही गरज उरली नाही. तो वेगळ्या पाकिटात ठेवला.

२० जानेवारी

आजचा दिवस पाठीचा. संग्राहक चेहरा पाहतात, पाठ पाहत नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

कॅबिनेट कार्डांच्या पाठीवर स्टुडिओ आपली पदकं मिरवत असत: अमुक प्रदर्शन, अमुक वर्ष. त्यातलं सर्वांत अलीकडचं वर्ष घ्या. कार्ड त्याआधीचं असू शकत नाही. स्टुडिओचा पत्ता बदललेला असेल तर आणखी एक धागा हाती लागतो. पुठ्ठ्याचे कोपरेही बोलतात. १८६०च्या दशकात ते बहुधा काटकोनी असत, गोलाई नंतर आली.

पोस्टकार्डांत मधल्या रेषेवर लक्ष ठेवायचं. पाठीचे दोन भाग करून एका बाजूला पत्ता आणि दुसऱ्या बाजूला मजकूर लिहायची मुभा ब्रिटनमध्ये १९०२मध्ये मिळाली, जर्मनीत १९०५मध्ये, अमेरिकेत १९०७मध्ये. त्याआधी पाठ फक्त पत्त्यासाठी असे, म्हणून लोक पुढच्या बाजूला, चित्राच्या कडेने लिहीत. एका व्हायोलिनवादकाच्या पोस्टकार्डावर मजकूर चित्राभोवती वेलीसारखा फिरलेला आहे. कोणी त्याला हौस म्हणेल, पण पाठ पाहिली की कारण समजतं: तिथे रेषाच नाही.

२८ जानेवारी

शाई. या विषयावर मी कितीही बोलू शकते.

एकोणिसाव्या शतकातली शाई बहुधा लोहाची: मायफळ आणि लोहक्षारांपासून केलेली. लिहिताना फिकट, मग काळी, आणि वर्षं उलटली की तपकिरी. ती कागदात शिरते. पुठ्ठ्याच्या समासात केलेली सही म्हणून छान टिकते. चकचकीत जिलेटिनवर मात्र शाई पसरायला कुरकुरते, थेंब धरते, रेघ मध्येच तुटते. खऱ्या सहीत ही झटापट दिसायला हवी. ती पूर्णपणे गुळगुळीत असेल तर मी भिंग पुन्हा उचलते.

बॉलपेनचा दाब तिरक्या प्रकाशात खाचेसारखा दिसतो. अमेरिकेत बॉलपेन ऑक्टोबर १९४५च्या अखेरीस विक्रीला आलं. बार्टोक त्याच वर्षी २६ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये वारले. राख्मानिनोव्ह त्याहून दोन वर्षं आधी. त्यांच्या बॉलपेनमधल्या सह्या कोणी दाखवल्या तर चर्चा तिथेच संपते. फेल्टपेन सर्रास झालं ते १९६०च्या दशकात.

सर्वांत उपयोगी कसोटी मला तड्यांची वाटते. जुन्या अल्ब्युमेनवर सही आधी झाली असेल तर तडा शाईच्या रेघेलाही चिरत जातो. सही नंतर कोणी केली असेल तर शाई तड्यात उतरते आणि त्याच्या कडेने बारीक केसासारखी पसरते. आज दोन कार्डांवर हे शेजारीशेजारी पाहायला मिळालं, एक खरं आणि एक खोटं. शिकवण्यासाठी याहून चांगली जोडी मिळणार नाही. दोन्हींचे मोठे स्कॅन काढून ठेवले.

४ फेब्रुवारी

आजपासून तक्त्यात दोन वेगळे रकाने: चित्राची तारीख आणि सहीची तारीख. बहुतेक याद्यांमध्ये एकच असते, आणि तिथेच घोळ होतो. फोटो कितीतरी वर्षं कलाकाराच्या टेबलाच्या खणात पडून राहू शकतो. तरुणपणचा चेहरा आणि म्हातारपणची सही हे अगदी नेहमीचं आहे.

नावाची रूपं इथे मदतीला येतात. गायिका मारिया कॅलास यांनी १९४९मध्ये मेनेगिनी यांच्याशी लग्न केलं आणि त्या काळात त्या 'मारिया मेनेगिनी कॅलास' अशी सही करत. १९५९मध्ये ते वेगळे झाले आणि मधलं नाव गेलं. तेव्हा १९५०च्या दशकाच्या सुरुवातीच्या चित्रावर नुसतं 'मारिया कॅलास' असेल तर सही बहुधा नंतरची. रचनाकार शोनबर्ग १९३३मध्ये अमेरिकेला गेले आणि त्यांनी आपल्या नावातल्या 'ओ'वरचे दोन ठिपके काढून त्याच्यापुढे 'ई' लिहायला सुरुवात केली. प्रोकोफिएव्ह तर स्वर गाळून नुसती व्यंजनं लिहीत. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन यांच्याकडे मुलाच्या वळणदार अक्षरापासून वृद्धाच्या अक्षरापर्यंत सगळा प्रवासच आहे. तिथे एकच नमुना समोर ठेवून तुलना करणं व्यर्थ.

रशियन कलाकारांच्या तारखांना आणखी एक पदर आहे. रशियात १९१८पर्यंत जुनं पंचांग चालू होतं. एकोणिसाव्या शतकात ते बाकी युरोपाच्या बारा दिवस मागे होतं, विसाव्यात तेरा. परदेशी गेलेले रशियन कधी कधी दोन्ही तारखा तिरकी रेघ मारून लिहीत. ही दुहेरी तारीख दिसली की मला आनंद होतो, कारण नक्कल करणाऱ्याला ती सुचत नाही आणि सुचली तर बरोबर जुळवता येत नाही.

याच संदर्भात माझं सर्वांत आवडतं छायाचित्र नोंदवून ठेवते. ते संग्रहालयात आहे, आमच्या संचात नाही. रचनाकार चायकोव्हस्की यांनी आपला फोटो लेखक चेखोव्हना दिला, 'एका ज्वलंत चाहत्याकडून' अशा अर्थाच्या ओळीसह, तारीख १४ ऑक्टोबर १८८९, म्हणजे नव्या पंचांगाने २६. चायकोव्हस्की तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे, जगभर नावाजलेले, आणि चेखोव्ह एकोणतिशीचे. मोठ्याने लहानाला आपण तुमचे चाहते आहोत असं लिहून दिलं! चेखोव्हनी उलट आपला फोटो आणि पुस्तक पाठवलं, आणि लिहिलं की सूर्य माझा असता तर तोही पाठवला असता. पुढच्या वर्षी आलेला कथासंग्रह त्यांनी चायकोव्हस्कींना अर्पण केला.

आता या फोटोवरची ती एक ओळ झाकून पाहा. उरतो तो दाढीवाला गृहस्थ आणि एक सही. मौल्यवान, पण मुका. छायाचित्राला दस्तऐवज बनवते ती ही ओळ: कोणासाठी, कधी, कुठे. या संपूर्ण सूचीत मी तिलाच पहिला मान देणार आहे.

१२ फेब्रुवारी

एक नाव पुन्हा पुन्हा येतं आहे. वेगवेगळ्या कलाकारांच्या फोटोंवर, वेगवेगळ्या अक्षरांत, पण ज्याला फोटो दिला तो माणूस एकच. तारखा १९२०च्या दशकाच्या मध्यापासून १९३०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत. शहर प्रत्येक वेळी तेच. महिने हिवाळा ते वसंत, म्हणजे मैफलींचा हंगाम.

देणारे जवळजवळ सगळे पियानोवादक. एक चेलोवादक आहे, एक गायिका आहे, व्हायोलिनवादक एकही नाही. स्वाक्षऱ्या गोळा करणारा हौशी श्रोता असता तर हे प्रमाण असं नसतं. हे फोटो वेगळे काढले.

१९ फेब्रुवारी

स्कॅनिंग. दोन्ही बाजू, पूर्ण कडांसह, ६०० डीपीआय, टिफमध्ये. रंगपट्टी प्रत्येक वेळी शेजारी. क्रमांक पाकिटावर लिहायचा, फोटोवर नाही. आज एवढंच.

२५ फेब्रुवारी

मन खट्टू करणारा दिवस.

एका सुंदर कॅबिनेट कार्डावर सहीच्या वरची जागा तिरक्या प्रकाशात खरबरीत दिसली. तिथला पुठ्ठा पातळ झालेला आहे. अतिनील दिव्याखाली जुन्या शाईची सावली आली: एक नाव होतं, ते खरवडून काढलेलं. अनोळखी माणसाचं नाव असलं की भाव पडतो, नुसती सही 'स्वच्छ' मानली जाते, म्हणून काही लोक हे करतात. काही जण पुठ्ठ्याची कडच कापून टाकतात. आकार मोजला की ते कळतं, म्हणून प्रत्येक कार्डाची मापं मिलिमीटरमध्ये घेते आहे.

मला हा प्रकार सहन होत नाही. एका माणसाने दुसऱ्याला काहीतरी दिलं होतं, त्याचा पुरावा कोणीतरी पातं घेऊन पुसला. 'अनोळखी' हा शब्दही घाईचा आहे. अनोळखी म्हणजे अजून कोणी शोध घेतला नाही एवढंच. सूचीत या कार्डाखाली स्पष्ट लिहिलं: मजकूर नष्ट केलेला, सही अस्सल. अतिनील प्रकाशातला फोटो जोडला. नावातली पहिली दोन अक्षरं वाचता येतात, तीही नोंदली.

३ मार्च

आज स्वरलिपी. सहीबरोबर कलाकाराने पाच रेघा आखून स्वरांची छोटी ओळ लिहिलेली असली की संग्राहकांचे डोळे चमकतात, आणि ते योग्यच आहे. पुच्चिनी, मास्कान्यी यांच्या अशा ओळींना मोठी मागणी असते. सर्वांत लोभस उदाहरण ब्राम्स यांचं. त्यांनी योहान श्त्राउस यांच्या घरच्या एका पंख्यावर 'ब्लू डॅन्यूब'ची सुरुवात लिहिली आणि खाली लिहिलं: दुर्दैवाने योहानेस ब्राम्स यांची नव्हे. एका ओळीत केवढा मनमोकळेपणा!

तपासणाऱ्याच्या दृष्टीने स्वरलिपी म्हणजे पर्वणी. नक्कल करणारा सहीचा सराव करतो, स्वरांच्या ओळीच्या सुरुवातीला काढायच्या खुणेचा, म्हणजे ट्रेबल क्लेफचा, करत नाही. रचनाकाराने ती खूण आयुष्यात हजारो वेळा काढलेली असते आणि तिचं वळण त्याच्या सहीइतकंच स्वतःचं असतं. हस्तलिखितांच्या छापील प्रतिकृती उघडायच्या आणि क्लेफ, स्वरांच्या काड्या आणि विरामचिन्हं जुळवून पाहायची. स्वर मूळ रचनेत खरंच तसे आहेत का, सूरपट्टी तीच आहे का, हेही पाहायचं. संचातल्या सगळ्या ओळी जुळल्या.

एक सोडून. त्या वारंवार येणाऱ्या नावाच्या गटातल्या एका फोटोवर पाच रेघांत एकच स्वर आहे: दुसऱ्या घरातला 'ए', वर विरामाची कमान. कोणत्याही रचनेची ही सुरुवात म्हणता येत नाही. व्हायोलिनवादक योआखिम आपल्या बोधवाक्याची आद्याक्षरं 'एफ-ए-ई' या तीन स्वरांत लिहीत, तसं काही असेल म्हणून शोधलं. एकट्या 'ए'चं काही सापडलं नाही.

१४ मार्च

सापडलं.

त्याच गटातल्या एका पियानोवादिकेच्या फोटोवरचा मजकूर जुन्या जर्मन कुरेंट लिपीत आहे. ही लिपी वाचायला वेळ लागतो: 'ई' आणि 'एन' जवळजवळ सारखे दिसतात. आज ओळ पूर्ण लागली. त्यात कालच्या वाद्याबद्दल आभार आहेत. वादनाबद्दल काही नाही, आतिथ्याबद्दल नाही. वाद्याबद्दल.

तो माणूस पियानो सुरात लावणारा होता. ट्यूनर. मग सगळं जागेवर बसलं: एकच शहर, मैफलींचा हंगाम, पियानोवादकांची गर्दी. चेलोवादक आणि गायिका दोघांनाही साथीला पियानो लागतोच. आणि तो एकटा 'ए' म्हणजे ज्या स्वरावरून सगळं जुळवायला सुरुवात होते तोच. या स्वराची उंची तेव्हा ठिकाणागणिक बदलत असे. फ्रान्सने १८५९मध्ये ती सेकंदाला ४३५ कंपनं ठरवली होती, आणि ४४० कंपनांवर आंतरराष्ट्रीय एकमत झालं ते लंडनच्या परिषदेत, १९३९मध्ये. म्हणजे फोटोंच्या या सगळ्या काळात दौऱ्यावर आलेला प्रत्येक वादक आणि हा ट्यूनर यांच्यात 'ए' नेमका कुठे ठेवायचा हे बोलणं होत असणार.

संध्याकाळी घरच्यांना विचारलं. शिक्षकांची खरेदीची वही त्यांनी शोधून काढली. त्या गटापुढे त्यांच्या अक्षरात एवढंच आहे: ट्यूनरच्या नातीकडून, एकत्र. त्यांना ठाऊक होतं तर! आणि त्यांनी तो गट कधी फोडला नाही.

२१ मार्च

घरच्यांनी 'दुर्मिळ' म्हणजे काय ते विचारलं, त्यासाठी हे टिपण.

कलाकाराची थोरवी आणि त्याच्या सहीची दुर्मिळता यांचा थेट संबंध नाही. कारुसो आणि पादेरेव्स्की यांनी उदंड सह्या दिल्या. कारुसो तर स्वतःची व्यंगचित्रंही काढून देत. माहलर यांनी सही केलेली छायाचित्रं फार थोडी. आणि मग अकाली गेलेले. व्हायोलिनवादक जिनेट नव्हू २८ ऑक्टोबर १९४९ला विमान अपघातात गेल्या, वय तीस. पियानोवादक दिनू लिपात्ती २ डिसेंबर १९५०ला, वय तेहतीस. ज्यांना सही करायला वर्षंच थोडी मिळाली, त्यांची छायाचित्रं कमीच असणार.

छापील सह्यांबद्दलही सांगितलं. पोस्टकार्डांवर सही कित्येकदा चित्राबरोबरच छापलेली किंवा निगेटिव्हवरूनच उतरलेली असते. भिंगाखाली तिच्यात शाईचा थर नसतो, दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे गडदपणा वाढत नाही. संचातली अशी कार्डं वेगळ्या भागात टाकली. त्यांत फसवणूक काही नाही, ती तशीच विकली जात.

२ एप्रिल

साठवण. प्लास्टिक घ्यायचं तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी अजिबात नाही. कागदी पाकिटं आम्लमुक्त आणि फोटोंसाठीची प्रमाणित चाचणी उत्तीर्ण झालेली. चिकट पानांचे अल्बम बाद. जागा थंड, सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या आत आणि स्थिर. दिवाणखान्यात फ्रेम लावायची असेल तर चांगली प्रत लावा, मूळ अंधारात राहू द्या, हे मी दोनदा बजावलं. चित्रातली चांदी एकवेळ प्रकाश सोसते, जांभळी अ‍ॅनिलीन शाई सोसत नाही. सही आधी उडते.

अहवालातला सल्ला असा लिहिला. सुटे फोटो विकायला हरकत नाही, प्रत्येकाबरोबर दोन्ही बाजूंचे स्कॅन आणि माझं टिपण जावं. मजकूर खरवडलेलं कार्ड विकायचंच असेल तर अतिनील चित्रासकटच. ट्यूनरचा गट सुटा करू नये. संगीताच्या एखाद्या संग्रहालयाला किंवा ग्रंथालयाला तो एकत्र द्यावा, शिक्षकांच्या वहीतल्या त्या पानाच्या प्रतीसह. एकेकटा विकला तर त्यातला प्रत्येक फोटो 'अनोळखी माणसाला दिलेला' म्हणून स्वस्तात जाईल. एकत्र असला तर दोन महायुद्धांमधल्या त्या शहरात कोण कधी वाजवून गेलं याची ती यादी आहे, आणि पडद्यामागे पियानो कोणी लावला याचीही.

घरच्यांचा निरोप आला: गट फोडायचा नाही. दोन ठिकाणी पत्रं लिहायला घेतली आहेत. गटातल्या दोन फोटोंची वर्षं अजून लागायची आहेत. त्या शहरातल्या त्या हंगामांच्या कार्यक्रमपत्रिका मागवल्या आहेत.